दुपारी बारा वाजता कोण झोपतंय? आमच्या दुसऱ्या आवृत्तीतलं विश्रांतीचं प्रकरण

कोल्हापुरात राजारामपुरीत मास्तरांच्या माडीवर शनिवारी संध्याकाळी जे चालतं त्याला त्यांच्या घरचे अजून पत्त्यांचा डाव म्हणतात. खरं तर ते डंजन्स अँड ड्रॅगन्स आहे, म्हणजे एकजण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्यातलं एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळतात तो खेळ, आणि आता धड तेही राहिलेलं नाही. २०२३ च्या जानेवारीत त्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ॲट्रिब्यूशन ४.० लायसन्सखाली खुले झाले. श्रेय दिलं की कुणीही त्यावर आपलं पुस्तक बेतू शकतो. आम्ही बेतलं. मराठीत लिहिलं, गड, घाट, देवराया टाकल्या, झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंग मारलं, ती झाली पहिली आवृत्ती. आता दुसरी काढायची म्हणून बसलो तर बाकी सगळं पुस्तक बाजूला राहिलं आणि गाडी एकाच नियमावर अडकली, विश्रांतीच्या. ते सगळं प्रकरण लिहून काढतोय, कारण बैठकांची मिनिट्स माझ्याकडं आहेत.

मिनिट्स माझ्याकडं का, तर मी चोर खेळतो, आणि त्या नियमांत चोराकडं विश्रांतीनं भरून येईल असं जवळपास काहीच नाही. खुपसायचा सुरा दिवसभर तेवढाच धारदार. त्यामुळं या भांडणात माझा नफा-तोटा नाही असं सगळ्यांचं मत पडलं. बाकीच्यांचं तसं नव्हतं. दादा उद्यमनगरात फाउंड्रीत आहेत, ते योद्धा खेळतात. वहिनी मेडिकलचं दुकान सांभाळतात आणि खेळात पुजारी, म्हणजे क्लेरिक. बारक्या इंजिनिअरिंगला आहे, त्याचा मांत्रिक. ताई शाळेत शिकवतात, त्यांची वॉरलॉक, म्हणजे कुठल्यातरी देवचाराशी करार करून शक्ती मिळवलेली. आणि मास्तर गणिताचे क्लास घेतात म्हणून मास्तर, खेळही तेच चालवतात.

ठिणगी पडली ती अशी. सगळी पात्रं पाचव्या पातळीवर, गडाच्या खालच्या दरवाज्यात चार पहारेकरी. बारक्यानं पहिल्याच फेरीत फायरबॉल, म्हणजे सगळ्यांना एकदम भाजणारा आगीचा गोळा, टाकला, दुसऱ्या फेरीत दुसरा. दादांची पाळी येईपर्यंत उभं असं कुणी राहिलंच नाही, फासा हातात घेऊन तसेच बसले. आणि मग बारक्या शांतपणे आपल्या पात्राची शीट बघत म्हणतोय, "माझे मोठे स्लॉट संपले, आता झोपूया." (स्लॉट म्हणजे मंत्र टाकायच्या मोजक्या संधी, मोठ्या मंत्राला मोठा स्लॉट.)

मास्तर म्हणाले, "गोष्टीत दुपारचे बारा वाजलेत."

दादा उसळले. "दुपारी बारा वाजता कोण झोपतंय रं? लग्नाच्या मुक्कामाला आलाय काय?"

हसलो सगळे, पण त्या दिवशी डाव लवकर मोडला.

आता बारक्या काही नियमाबाहेर गेला नव्हता, हे आधी मान्य करायला पाहिजे. आमचं पुस्तक २०१४ च्या, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांवर उभं आहे. त्यात दोन प्रकारची विश्रांती. शॉर्ट रेस्ट एक तासाची, लाँग रेस्ट आठ तासांची. मांत्रिकाचे मंत्र लाँग रेस्टनंतर भरतात, योद्ध्याचा जादाचा डाव, ज्याला ॲक्शन सर्ज म्हणतात, तो शॉर्ट रेस्टनंतरही परत मिळतो. वॉरलॉकचे स्लॉटसुद्धा शॉर्ट रेस्टवर. आणि हे सगळं कशावर तोललंय, तर डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, पुस्तकात एक अंदाज दिलेला होता: खेळातल्या एका दिवसात मध्यम ते कठीण अशा ६ ते ८ चकमकी, मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट. हा अंदाज म्हणजे त्या इमारतीचा पाया आहे आणि तो कुठंतरी मधल्या पानावर एका परिच्छेदात आहे. बऱ्याच टेबलांवर तो वाचलेलाच नसतो.

मास्तरांनी मग फळ्यावर हिशेब मांडला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं काय असेल तर ते हेच. पाचव्या पातळीचा मांत्रिक: पहिल्या दर्जाचे ४ स्लॉट, दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे २, एकूण ९. दिवसातनं एकदा शॉर्ट रेस्टमध्ये थोडे परत मिळवता येतात, तीन दर्जांच्या बेरजेइतके, म्हणजे अजून एक फायरबॉल धरा. फायरबॉल म्हणजे सहा बाजूंचे ८ फासे, सरासरी २८. निम्म्या शत्रूंनी सेव्ह केला, म्हणजे फासा टाकून बचाव साधला, आणि त्यांना अर्धंच लागलं तरी माणशी सरासरी २१, चौघं असतील तर ८४. आणि दादांचा योद्धा? तलवारीचा आठ बाजूंचा फासा, ताकदीचे ४, एकहाती तलवारीचे २, म्हणजे घावाला सरासरी साडेदहा. फेरीला दोन घाव, शंभरातले पासष्ट लागतात धरलं तर १४ च्या आतच. फेरीला ८४ विरुद्ध १४. दादा फळ्याकडं बघत नुसतं "हं" म्हणाले.

पण मास्तरांनी खाली दुसरा हिशेब मांडला. सहा चकमकी, प्रत्येकी तीन फेऱ्या, एकूण १८ फेऱ्या. मांत्रिकाकडं मंत्र दहाएक, त्यातले निम्मे लहान. उरलेल्या आठ फेऱ्या तो फुकटातली आगीची ठिणगी टाकणार, तिची सरासरी ११, लागण्याचा हिशेब धरून ७ च्या आसपास, म्हणजे योद्ध्याच्या निम्मी. योद्धा मात्र अठराच्या अठरा फेऱ्या तेवढाच मारणार, वर दोन शॉर्ट रेस्ट धरून जादाचा डाव तीनदा. वॉरलॉकचं तर अजून भारी. तिच्याकडं एका वेळी दोनच स्लॉट, पण तिसऱ्या दर्जाचे, आणि दोन शॉर्ट रेस्ट मिळाल्या तर दिवसाला सहा. मांत्रिकाला त्या दर्जाचे तीन. एकच लढाई असलेल्या दिवशी मात्र ताईंकडं दोन मंत्र आणि बारक्याकडं नऊ.

नियमात खोट नव्हती असं मी म्हणणार नाही, पण खोट मांत्रिकात नव्हती. आमच्या टेबलावर एका लढाईला तासभर सहज जातो. शनिवारी सातला बसायचं म्हणतो, चहा, गप्पा, कुणाचातरी उशीर, खरा खेळ आठला सुरू. दादांना सकाळची शिफ्ट असली तर साडेदहाला उठायचं. बसतात कशाबशा दोन लढाया. म्हणजे पुस्तकाला अपेक्षित असलेला एक दिवस आमच्याकडं तीन-चार शनिवार चालणार, आणि तोपर्यंत किती स्लॉट उरले होते हे कुणाच्या बापाला आठवत नाही. म्हणून मास्तरांनी हळूहळू सवयच लावली होती की शनिवार संपला की पात्रं झोपतात. एका बैठकीला एक दिवस. ती सवय कुणी ठरवून लावली नाही, कुठं लिहिलीही नाही, आणि पुस्तकातल्या कुठल्याही नियमापेक्षा तिनंच ठरवलं की टेबलावर हिरो कोण.

हे फळ्यावर दिसल्यावर वाद मिटायला पाहिजे होता. वाढला.

दादांचं म्हणणं सरळ होतं, फायरबॉल काढून टाका. बारक्याचं म्हणणं, नियम बरोबर आहेत, मास्तरांनी जास्त लढाया घालाव्यात, पुस्तकात ६ ते ८ लिहिलंय की. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि दोघांचंही ऐकलं असतं तर खेळाची वाट लागली असती. फायरबॉल काढला तरी एका लढाईच्या दिवशी मांत्रिक दुसरा कुठलातरी मंत्र ओतणारच. आणि लढाया वाढवायच्या म्हणजे गोष्ट मारायची. दरवाज्यात पहारेकरी, पायरीवर पहारेकरी, विहिरीत पण पहारेकरी. ताई म्हणाल्या, "मला गडकऱ्याशी बोलायचंय, त्याची माणसं मोजायची नाहीत."

मास्तरांना स्वतःला दुसरा उपाय पसंत होता, जो २०१४ च्या डीएमच्या पुस्तकातच पर्याय म्हणून आहे. शॉर्ट रेस्ट आठ तासांची करायची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची. म्हणजे रात्री झोपलात तर थोडं सावराल, पूर्ण सावरायला आठवडा गावात बसा. कागदावर लई भारी दिसतं. घाटातल्या लांब प्रवासाला बसतंही. पण बारक्यानं त्यात लगेच पाचर मारली आणि ती खरी होती: अंगावर जादूचं चिलखत चढवायचा मंत्र आठ तास टिकतो, म्हणजे तो एका दिवसाच्या हिशेबानं केलाय. आठवड्याचा दिवस केला तर तोच मंत्र सातदा टाकायला लागणार. विश्रांती ताणली की मंत्रांच्या मुदती पण ताणायला लागतात, आणि मग पुस्तकभर पान न् पान दुरुस्ती.

दुसरी अडचण मास्तरांच्याच साहसातनं आली. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याचा वेढा फोडून एका रात्रीत विशाळगडाकडं जे निघणं झालं, त्या धर्तीवर त्यांनी एक साहस बेतलंय. नावं-गावं वेगळी, पण वेढा, मुसळधार पाऊस, मध्यरात्री गड सोडायचा, पहाटे खिंड गाठायची, मागं घोडदळ. सगळं एका रात्रीत. आठ तासांची शॉर्ट रेस्ट त्यात बसत नाही, आणि एक तासाची सुद्धा बसत नाही. मागं घोडी लागलेली असताना तासभर बसतंय कोण? म्हणजे ताईंची वॉरलॉक अख्खी रात्र दोन मंत्रांवर काढणार.

जुन्या आवृत्त्या काय करत होत्या हे पण काढलं, कारण मास्तरांकडं पुस्तकांचा साठा आहे. १९७९ च्या ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये दिवसभर विश्रांती घेतली की एक हिट पॉइंट, म्हणजे जिवाचा एक गुण, परत, बस्स. महिनाभर पडून राहायचं आणि तोवर जग पुढं सरकायचं, म्हणून या खेळाचा एक जनक गॅरी गायगॅक्स काळाच्या काटेकोर नोंदी ठेवा म्हणून त्यात कानीकपाळी ओरडलाय. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत एका दिवसाच्या विश्रांतीला पातळीइतके पॉइंट. २००८ च्या चौथीत शॉर्ट रेस्ट पाच मिनिटांची झाली, आणि योद्ध्यालाही दिवसातनं एकदाच वापरायचे डाव दिले, म्हणजे मांत्रिक आणि योद्धा एकाच घड्याळावर. समानता आली. पण पुष्कळ लोक भडकले, की तलवारीचा एखादा घाव दिवसातनं एकदाच का मारता येतो, हात दुखतो काय? त्यातलेच कितीतरी जुन्या नियमांना धरून राहिले आणि २००९ मध्ये त्यांच्यासाठी पाथफाइंडर हा वेगळा खेळ आला. दादांना चौथी आवृत्ती ऐकूनच आवडली होती. "आमच्यावर कुणीतरी विचार केलावता म्हणायचा," असं म्हणाले.

आणि २०२४ च्या नव्या पुस्तकांनी? त्यांनी घड्याळाला हात लावला नाही, प्रत्येकाच्या खिशात थोडे सुटे पैसे ठेवले. योद्ध्याचा दम भरून घ्यायचा डाव आता सुरुवातीलाच दोनदा, वॉरलॉकला दिवसातनं एकदा एका मिनिटात निम्मे स्लॉट परत. आणि ६ ते ८ चकमकींचा तो अंदाज डीएमच्या नव्या पुस्तकातनं काढूनच टाकला. मला हे जरा चलाखीचं वाटतं. दुखणं कमी झालं हे खरं, पण एका लढाईच्या दिवशी मांत्रिकाच्या हातात नऊ स्लॉट अजून आहेतच.

तिढा सुटायला सुरुवात वहिनींकडनं झाली. त्या तोपर्यंत फारसं बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "झोपेचा आणि ताकदीचा संबंधच तोडा की. चार लढाया झाल्या की सगळं परत, मग दिवस असो का रात्र असो." हे काही नवीन नाही. थर्टीन्थ एज नावाच्या २०१३ च्या खेळात साधारण असंच आहे, आणि तो करणारे रॉब हाइनसू आणि जोनाथन ट्वीट हे अनुक्रमे चौथ्या आणि तिसऱ्या आवृत्तीवरचे मुख्य लोक. म्हणजे ज्यांनी हे घड्याळ दोनदा जवळनं बघितलं त्यांनीच ते काढून फेकलं. मला तर वहिनींचं लगेच पटलं. मास्तरांना नाही. "गोष्टीत काय सांगू मी? तिसरी लढाई झालीय म्हणून देवी अजून प्रसन्न नाही, चौथी करून या?"

या प्रश्नाला उत्तर देताना मुक्कामाचा नियम निघाला. ताकद झोपेनं परत येत नाही, मुक्कामानं येते. पहिला मसुदा असा होता:

"छप्पर, पाणी आणि तुमच्यासाठी जागं राहणारं माणूस, ही तिन्ही जिथं असतील तिथंच मुक्काम. मुक्कामाला रात्र काढली तर लाँग रेस्टचं सगळं मिळेल. इतर कुठंही झोपलात तर नुसता थकवा चढणार नाही. दोन मुक्कामांच्या मध्ये फक्त दोनदा दम खाता येईल. एकदा दम खायला दहा मिनिटं."

म्हणजे शॉर्ट रेस्ट दहा मिनिटांची केली, पण मोजून दोनच. लाँग रेस्ट जागेला बांधली. पावसातली ती रात्र यात बसते, पंधरा दिवसांचा घाटातला प्रवासही बसतो, आणि जादूच्या चिलखताला हात लावायला लागत नाही कारण तास तेवढेच राहिले. बाहेर बरेच जण या वळणाचे नियम घरच्या घरी लावून खेळतात, शोध आमचा नव्हे.

बारक्यानं मसुदा दोनदा वाचला आणि म्हणाला, "टायनी हट."

टायनी हट हा तिसऱ्या दर्जाचा मंत्र. विधी करून टाकला तर स्लॉटही जात नाही, आठ तास डोक्यावर अभेद्य घुमट. "घुमट झालं छप्पर. पखालीत पाणी. आणि पन्नास मोहरा देऊन एक पहारेकरी बरोबर घेतला की जंगलाच्या मधोमध मुक्काम." दादांनी कपाळावर हात मारला. मला मात्र हे लई आवडलं, कारण नियम फोडायला बसलेला असा एकजण टेबलावर नसेल तर ते फुटणं पुस्तक छापल्यावर कळतं. तर मसुदा बदलला. तिन्ही अटी गेल्या आणि एकच राहिली, मुक्कामाच्या जागा मास्तरांनी मोहिमेआधी नकाशावर मांडून ठेवायच्या, धर्मशाळा, मठ, ओळखीच्या पाटलाचा वाडा, आणि खेळाडूंनी त्या शोधायच्या किंवा माणसं जोडून नव्या मिळवायच्या. घुमट म्हणजे मुक्काम नाही.

"मग तो मंत्र घेऊ कशाला?" बारक्याचा हा प्रश्न रास्त होता. मांत्रिकाच्या खिशातनं काहीतरी काढून घ्यायचं तर त्याला दुसरं काहीतरी द्यायला लागतंय. ठरलं असं की घुमटात खाल्लेला दम दोनाच्या मोजणीत धरायचा नाही. म्हणजे त्या मंत्राचा फायदा आता एकट्या मांत्रिकाला न होता सगळ्यांना, आणि त्यातल्या त्यात दादांना. बारक्या कुरकुरला, पण मान्य केलं.

मग चाचणी. इथं ताईंनी एक अट घातली जी मी कुठल्याही टेबलाला सुचवेन: चाचणीत कुणी स्वतःचं पात्र खेळायचं नाही. पाचवी आवृत्ती यायच्या आधी, २०१२ पासनं, खेळ काढणाऱ्या कंपनीनं नियमांचे मसुदे लोकांना खेळायला दिले होते आणि सर्व्हे घेऊन पुढं सरकले होते, २०२४ च्या आधीही तेच. मास्तरांना तसंच मतदान घ्यायचं होतं. ताई म्हणाल्या, "मतदानानं काय आवडतं ते कळतं. मांत्रिकवाल्याला मांत्रिकाचा नियम आवडणारच. मी पण माझ्यासाठीच मत देतो, सांगून ठेवतो."

तर दादांनी मांत्रिक घेतला आणि बारक्यानं योद्धा, आणि पावसाळी रात्रीचं ते साहस लावलं. गड सोडला, पहिली चकमक ओढ्याच्या काठाला. दादांनी फायरबॉल राखून ठेवला, ठिणग्यांवर भागवलं, सगळे वा वा म्हणाले. दुसरी चकमक करवंदीच्या जाळीत, तिथं एक गोळा टाकला. आणि ती संपल्या संपल्या स्वारी म्हणतेय, "जरा टेकूया की कुठंतरी." बारक्या खुर्चीतनं उठून नाचायचाच बाकी होता. पण खिंडीतल्या शेवटच्या लढाईला दादांकडं एकच फायरबॉल होता, आणि तो कुठल्या फेरीला टाकायचा यावर जी चर्चा झाली ती आमच्या टेबलावर आधी कधी झाली नव्हती. बारक्याच्या योद्ध्यानं दुसऱ्यांदा दम खाऊन जादाचा डाव परत मिळवला होता, त्यानं खिंडीचं तोंड एकट्यानं धरलं.

दुसरं साहस लावलं ते घाटातलं, आणि तिथं नियम लंगडला. मठ नकाशावर जवळच होता. मंडळी काय करायला लागली, तर एक लढाई, परत मठात, रात्र, सकाळी परत एक लढाई, परत मठात. दुपारी बाराची झोप गेली आणि दुपारी बाराची पायपीट आली. शिवाय वहिनींचा पुजारी त्या दिवशी माझ्याकडं होता, आणि परत फिरायचं का नाही हे दर वेळी माझ्याकडं बरं करायचे मंत्र किती उरले यावर ठरत होतं. बाकीच्यांचे स्लॉट, जादाचे डाव कुणी विचारतच नव्हतं. नियम करताना आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, वहिनींच्या सुद्धा नाही.

पायपिटीवर इलाज झाला. गायगॅक्सचंच जुनं बोट धरलं, काळ मोजा. प्रत्येक मुक्कामाला शत्रू एक चाल पुढं जातो. मास्तरांनी मोहिमेआधी सहा चाली लिहून ठेवायच्या, वाटेवर पहारा बसला, पूल तोडला, ओलीस हलवले, अशा, आणि मुक्काम झाला की त्यातली पुढची वाचून दाखवायची. वाचून दाखवायची यावर दादांनी भर दिला. गुपचूप होणार असेल तर किंमत लागतेय हे कळणारच नाही आणि मग मास्तर डूख धरून आहेत असं वाटतं. हे मला शंभर टक्के पटतं. पुजाऱ्याचं कोडं मात्र अर्धंच सुटलं. दम खाताना हिट डाइस, म्हणजे जखमा भरून काढायचे फासे, वापरून स्वतःचं स्वतः सावरता येतं, ते २०२४ सारखे एका लाँग रेस्टमध्ये सगळे परत द्यायचे ठरलं (२०१४ मध्ये निम्मेच मिळायचे), म्हणजे पुजाऱ्यावरचा बोजा थोडा हलका. पुरेल का ते लांबलचक मोहिमेत कळेल.

सवय पण बदलली, आणि ती आता पुस्तकात लिहिलीय: बैठक संपली म्हणून पात्रं झोपत नाहीत. डाव मोडताना प्रत्येकानं शीटच्या कोपऱ्यात पेन्सिलनं उरलेले स्लॉट आणि खाल्लेले दम लिहायचे, आणि शीटा मास्तरांकडं ठेवून जायच्या.

विश्रांतीचं पान झालं, छपाईला दिलंय. अडलंय ते वॉरलॉकचं. दहा मिनिटांत दम खाता येतो म्हटल्यावर ताईंना दोन मुक्कामांच्या मध्ये तिसऱ्या दर्जाचे सहा मंत्र हमखास मिळतात, घुमटात अजून एकदा दम खाल्ला तर आठ, आणि बारक्याला तीनच. आधी तासभर बसायला जागा मिळायची मारामार म्हणून ते कधी दिसलं नव्हतं. मास्तर म्हणतात दमाला एकच स्लॉट परत द्या, ताई म्हणतात मग देवचाराशी करार मोडतो मी. पुढच्या शनिवारी त्यावर बसायचंय, आणि बारक्यानं आत्ताच फळ्यावर हिशेब मांडून ठेवलाय.